गीतांच्या साहाय्याने परभाषेचा अभ्यास

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव आटोपल्यावर एखाद्या जुन्या शिक्षकाने चार शब्द बोलावेत, अशी आपल्या संमेलनाची प्रथा आहे. यंदा ते काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपविले, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आणि सारी उमेद प्राथमिक शाळेत खर्च केलेला मनुष्य. तेव्हा पांडित्याची अपेक्षा माझ्याकडून कोणी बाळगू नये. एखादी गोष्ट मुलांच्या तोंडी कशी बसते आणि कशी बसत नाही, एवढेच काय ते मी आयुष्यभर जवळून पाहिले. त्या अनुभवाच्या आधाराने आपल्या घराघरांत आज निकडीच्या झालेल्या एका विषयाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

तो विषय म्हणजे परभाषेचा अभ्यास. पूर्वी परभाषा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इंग्रजीच येत असे. आता तसे राहिलेले नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केला, आणि तेव्हापासून जर्मन भाषा हा शब्द तालुक्याच्या गावीही ऐकू येऊ लागला. आपल्या ज्ञातीतील कित्येक मुली परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या आहेत. कित्येक मुले तंत्रनिकेतनातून आणि आय.टी.आय.मधून बाहेर पडली आहेत. त्यांपैकी अनेकांनी या भाषेच्या वर्गांत नावे घातली आहेत. कोणी दागिना मोडून शुल्क भरले आहे, कोणी पतपेढीचे कर्ज काढले आहे. अर्थात हा अभ्यास त्यांच्यासाठी हौसेचा राहिलेला नसून चरितार्थाचा झाला आहे.

या भाषेच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मानल्या जातात. परिचारिकेला बहुधा बी-२ पर्यंत मजल मारावी लागते. परीक्षेत वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण अशी चार अंगे असतात व गटे संस्थेच्या परीक्षांत उत्तीर्ण होण्यास शेकडा ६० गुण लागतात. आपल्या मुलांची अडचण कोठे होते, हे मी चौकशी करून पाहिले. वाचन आणि लेखन ती रात्रीचा दिवस करून साधतात. घोकण्याची सवय आपल्या हाडीमासी आहेच. परंतु श्रवणाची ध्वनिफीत सुरू झाली की वाक्ये कानावरून वाऱ्यासारखी निघून जातात, आणि संभाषणाच्या वेळी शब्द ठाऊक असूनही जीभ उचलत नाही. डोळ्यांनी कमावलेली भाषा ऐन वेळी कानाला आणि जिभेला परकी वाटते. या दुखण्यावर गीत हे एक स्वस्त, सुलभ आणि अनुभवसिद्ध औषध आहे, असे माझे मत आहे. मात्र कोणत्याही औषधाप्रमाणे याचेही अनुपान सांभाळावे लागते. तेच आज सविस्तर सांगावे, असा विचार आहे.

प्रथम एक खुलासा करतो. मी जर्मन भाषेचा पंडित नाही. माझी नात परिचर्येची पदवी घेऊन ही भाषा शिकत आहे. तिची उजळणी घेता घेता, तिची पुस्तके चाळता चाळता आणि तिच्याबरोबर गाणी ऐकता ऐकता मला या भाषेची जी तोंडओळख झाली, तिच्या बळावर मी बोलत आहे. भाषेविषयी जे सांगतो ते तिच्या शिक्षिकेकडून तपासून घेतलेले आहे.

गाऊन शिकणे ही गोष्ट आपणांस नवी नाही. किंबहुना आपली सारी जुनी विद्या गळ्यातूनच उतरली. पावकी, निमकी, दिडकी यांचे पाढे आपल्या वाडवडिलांनी एका सुरात म्हणत पाठ केले. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी जात्यावरच्या शेकडो ओव्या होत्या. पहाटेची भूपाळी, सायंकाळची आरती, दिंडीतले अभंग हे कोणी पुस्तक उघडून शिकले नाही. चाल, ताल आणि यमक ही तीन माणसे शब्दांना हात धरून चालवितात. एखादा शब्द विसरला तर यमक त्याची आठवण देते. एखादे अक्षर गळले तर ताल लंगडतो आणि चूक आपोआप कळते. ध्रुवपद तर पुनःपुन्हा येतच असते. म्हणजे जी आवृत्ती करण्यास विद्यार्थी कंटाळतो, ती गाण्यात न सांगता होते.

परंतु येथेच मला सावधगिरीचा शब्दही बोलला पाहिजे. आपल्या घरांतून लहान मुले रामरक्षा म्हणतात. उच्चार शुद्ध, विराम नेमके, स्वर स्वच्छ. तरी त्या मुलांना संस्कृत येते असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यापैकी कित्येक साठीला पोचली तरी संस्कृतमध्ये एक साधे वाक्य त्यांना करता येत नाही. तिकडे तमिळनाडूत भजन-संप्रदायाचे गायक तुकोबादी संतांचे मराठी अभंग मोठ्या भक्तिभावाने गातात. तंजावरला मराठ्यांचे राज्य होते, तेव्हापासूनचा हा ऋणानुबंध आहे. त्यांचे गाणे ऐकून आपले मन भरून येते. परंतु त्यांतील अनेकांशी मराठीत दोन वाक्ये बोलावयास गेलो तर बोलणे पुढे सरकत नाही. यावरून काय सिद्ध होते? गीताने ध्वनी जिभेवर बसतो, शब्दांचा क्रम स्मरणात राहतो. पण अर्थ समजून घेतला नाही आणि त्या शब्दांतून स्वतःचे वाक्य घडविले नाही, तर ते स्तोत्रच राहते. स्तोत्राने पुण्य लाभत असेल. रुग्णालयात रुग्णाशी बोलता येणार नाही. गीत पाठ झाले तेथे अभ्यास संपत नसून तेथून त्याचा आरंभ होतो, हे माझ्या आजच्या बोलण्याचे सार आहे.

या मताला शास्त्रीय प्रयोगाचाही आधार आहे. स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात कॅरन लुडके, फर्नांडा फेरेरा आणि केटी ओव्हरी या तिघींनी एक प्रयोग केला व तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. हंगेरियन भाषेचा गंध नसलेली ६० प्रौढ माणसे त्यांनी घेतली आणि त्यांचे तीन गट पाडले. एका गटाने हंगेरियन वाक्ये नुसती बोलून म्हणावयाची, दुसऱ्याने ठेक्यावर म्हणावयाची आणि तिसऱ्याने गाऊन म्हणावयाची. शिकण्यास वेळ अवघा १५ मिनिटांचा. पुढे कसोट्या घेतल्या तेव्हा एकंदरीत गाणारा गट सरस ठरला. त्यातही ज्या दोन कसोट्यांत वाक्य आठवून मुखाने बोलून दाखवावयाचे होते, त्यांत फरक निर्विवाद दिसला. इतर कसोट्यांत तो तितका ठळक नव्हता. म्हणजे गीताचा गुण विशेषेकरून जिभेला लागतो. आपली मुले नेमकी तेथेच अडतात, हे मी आधी सांगितलेच आहे.

आता जर्मन भाषेपुरते बोलू. मराठी मुलाला या भाषेत काही गोष्टी जन्मतःच अनुकूल आहेत, आणि त्या कोणी त्याला सांगत नाही. आपल्याप्रमाणेच त्या भाषेत तीन लिंगे आहेत. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी: डेर ल्योफेल, डी गाबेल, डास मेसर. लिंगे आपल्याहून निराळी, पण ‘तो, ती, ते’ ही कल्पना आपल्या रक्तातली आहे. एकवीस म्हणताना आपण आधी एक आणि मग वीस म्हणतो. जर्मन मनुष्यही तसेच म्हणतो. गौण वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘मी आज येत नाही, कारण मी आजारी आहे’ याचे जर्मन ‘इश कोमऽ हॉइटऽ निश्ट, वाइल इश क्रांक बिन’ असे होते. येथे ‘आहे’ या अर्थाचा ‘बिन’ हा शब्द आपल्यासारखाच अखेरीस बसला आहे. आपल्याकडे शब्दयोगी अव्यय लागताना घोडा या शब्दाचे घोड्या असे सामान्यरूप होते. तिकडे बहुधा नाम तसेच राहते आणि त्याआधीचा ‘डेर’ बदलतो: मेज म्हणजे ‘डेर टिश’, पण मेजावर म्हणजे ‘आउफ डेम टिश’.

हे सारे व्याकरणाच्या पुस्तकात कोष्टके करून दिलेले असतेच. परंतु बोलताना कोष्टक आठवावयास सवड कोठली? गाण्यात मात्र ‘डेम’ हा शब्द आपल्या जागी, आपल्या ठेक्यावर इतक्या वेळा येतो, की तेथे ‘डेर’ म्हटले तर कानालाच खटकते. मराठीत ‘घोडावर’ असे कोणी म्हटले तर आपल्याला नियम आठवावा लागत नाही, कान दुखावतो. परभाषेत असा दुखावणारा कान तयार करणे, हे गीताचे पहिले कार्य होय. सूर्य त्या भाषेत स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी आहे. ही गोष्ट यादीतून ध्यानात राहणे कठीण. पण बालगीतांतून चंद्र आणि सूर्य वारंवार भेटतात, आणि तेथे एकदा ही लिंगे ऐकली की जन्मभर विसरत नाहीत.

दुसरे कार्य उच्चाराचे. येथे आपल्याला जे अनुकूल आहे आणि जे प्रतिकूल आहे, दोन्ही ओळखून ठेवावे. ‘चांगला’ या शब्दात आपण जो दंततालव्य च म्हणतो, तो जर्मन भाषेत पदोपदी येतो. दोन, दहा, वीस या साऱ्यांच्या आरंभी तो आहे. पण आपली एक खोड आहे. पुढे इ किंवा ए आला की आपण तोच च तालव्य करतो, ‘चिंच’ यातल्यासारखा. आणि मग दहा म्हणावयास जावे तर तोंडून साखळी या अर्थाचा इंग्रजी शब्द बाहेर पडतो. अंक मोजण्याचे एखादे बालगीत आठ दिवस गायिले की ही खोड जाते. काही स्वर मात्र आपल्याकडे मुळीच नाहीत. ओठ ‘ऊ’साठी करतो तसे गोल करावेत आणि आतून ‘ई’ म्हणावे, असा एक. ओठ ‘ओ’चे आणि आवाज ‘ए’चा, असा दुसरा. हे स्वर चुकले तर अर्थ बदलतो: ‘शोन’ म्हणजे आधीच, आणि ओठ गोल ठेवून ‘ए’ काढला की तोच शब्द ‘सुंदर’ असा होतो. गाण्यात स्वर लांबवावा लागतो. बोलताना जो स्वर क्षणात निसटतो तो गाताना ओठांवर दोन मात्रा थांबतो, आणि तेवढ्या अवकाशात ओठ नीट ठेवावयास सवड मिळते. शिवाय शब्दाच्या अंती येणारा ग तेथे क होतो, ड चा ट होतो. दिवस या अर्थाचा शब्द लिहिताना ग ने संपतो, पण उच्चार ‘टाक’ असाच. डोळ्यांनी शिकलेला मुलगा ‘टाग’ म्हणतो. यमकांत हे गुपित उघडे पडते, कारण यमक कानाचे असते.

आता गीते कोणती निवडावीत? आरंभी बालगीते. प्रौढ मुलामुलींना त्यांची लाज वाटते. पण परक्या भाषेत आपण सारे बालकच आहोत. त्यातही ज्यांची चाल आधीच परिचित आहे ती आधी घ्यावीत. आपल्या इंग्रजी शाळांतील प्रत्येक मूल चांदणीवरचे जे इंग्रजी बालगीत गाते, त्याची चाल मूळची फ्रेंच आणि अठराव्या शतकातली आहे. हॉफमान फॉन फालर्सलेबन या जर्मन कवीचे नाताळचे एक बालगीत याच चालीवर म्हणतात. चाल ठाऊक असली की तिच्यावर लक्ष खर्च करावे लागत नाही. सारे ध्यान शब्दांकडे राहते.

बालगीतांनंतर लोकगीते. यांच्या संदर्भात एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या देशात जर्मन भाषा शिकविणाऱ्या गटे संस्थेच्या केंद्रांना मॅक्स म्युलर भवन म्हणतात. पुण्या-मुंबईतील आपली मुले तेथे जातात. हे नाव सायणभाष्यासह ऋग्वेदाचे संपादन करणाऱ्या पंडिताचे. १८४९ ते १८७४ अशी पंचवीस वर्षे तो ग्रंथ प्रसिद्ध होत होता. या मॅक्स म्युलरचे वडील विल्हेल्म म्युलर हे कवी होते, हे मात्र थोड्यांना माहीत असेल. मुलगा १८२३ साली जन्मला आणि १८२७ साली, तो चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, वडील वारले. परंतु त्यांच्या दोन कवितामालांना फ्रांट्स शूबर्ट या थोर संगीतकाराने चाली लावल्या, एका मालेला १८२३ मध्ये आणि दुसरीला १८२७ मध्ये, आणि ती गीते अजरामर झाली. दुसऱ्या मालेतील लिंडनच्या झाडावरील गीत फ्रीडरिश झिल्शर या संगीतशिक्षकाने १८४६ साली सोप्या चालीत बसविले, आणि ते घरोघर लोकगीतासारखे गायिले जाऊ लागले. हा झिल्शर ट्युबिंगन विद्यापीठात संगीत शिकवीत असे. आणि ट्युबिंगन हे गाव आज ज्या राज्यात आहे ते बाडेन-व्युर्टेंबर्गच, ज्याच्याशी आपल्या शासनाने करार केला. आपल्या वेदाची सेवा करणाऱ्याच्या पित्याचे गीत आपल्या मुली त्याच प्रांतात जाऊन गातील, यात मला तरी मोठे औचित्य वाटते.

लोकगीतांनंतर आजकालची गाणी घ्यावीत, कारण चालू बोली तेथे सापडते. मात्र जी गाणी अतिवेगाने म्हटली जातात किंवा प्रांतिक बोलीत असतात, ती प्रारंभी टाळावीत.

यापुढे पद्धत सांगतो. एक गीत एका आठवड्याला पुरे. पहिले दोन दिवस शब्द न पाहता नुसते ऐकावे आणि जे कानाला लागेल ते देवनागरीत का होईना लिहून ठेवावे. तिसऱ्या दिवशी छापील शब्द समोर घेऊन आपले टिपण ताडून पाहावे. जेथे चुकलो तेथे आपला कान कोणत्या ध्वनीला बहिरा आहे, हे कळते. कोशातून अर्थ काढताना प्रत्येक नाम त्याच्या लिंगासह वहीत उतरावे. चौथ्या दिवशी चाल बाजूला ठेवून त्याच ओळी साध्या बोलण्याच्या गतीने मोठ्याने म्हणाव्यात. ही पायरी कोणी गाळू नये, कारण गाण्यात काही वेळा ऱ्हस्व स्वरही ताणला जातो आणि बोलण्यातील आघात हलतो. तो गाण्यातच सोडून यावा लागतो. पाचव्या दिवशी गायकाबरोबर आणि मग गायकावाचून गावे.

सहावा दिवस सर्वांत महत्त्वाचा. गीतातील एखादे वाक्य घ्यावे, त्याचा सांगाडा तसाच ठेवावा आणि त्यात आपले शब्द भरून दहा नवी वाक्ये करावीत. उदाहरणार्थ, ‘मला अमुक हवे आहे, मला अमुक करावयाचे आहे’ या अर्थाचे ‘इश म्योश्टऽ’ हे शब्द अनेक गीतांत येतात. (यातील श खरा श नव्हे, जीभ ‘इ’च्या जागी ठेवून ह म्हणावा, तसा तो ध्वनी आहे.) गीतातल्या प्रियकराला दूर देशी जावयाचे असेल, आपल्या मुलीने त्याच सांगाड्यात म्हणावे, ‘इश म्योश्टऽ ईरन ब्लूटड्रुक मेसन’, म्हणजे ‘मला आपला रक्तदाब मोजावयाचा आहे’. ज्या क्षणी गाण्यातून हे वाक्य निघाले, त्या क्षणी स्तोत्राची भाषा झाली. आठवी-नववीच्या मुलांनी रेल्वेस्थानक, दुकान, शाळा यांवर वाक्ये करावीत. तांत्रिक शिक्षण घेतलेल्यांनी आपल्या हत्यारांवर करावीत. सातव्या दिवशी गीत मिटून ठेवावे आणि त्यात काय सांगितले आहे, ते आपल्या शब्दांत दुसऱ्याला गद्यात सांगावे. ऐकणारा घरातला कोणीही चालेल. मला जर्मन फारसे कळत नाही, तरी नात अडखळली की तेवढे मला कळते.

काही धोकेही सांगितले पाहिजेत. पहिला धोका जुन्या रूपांचा. लिंडनच्या गीतात दरवाजा या अर्थाच्या शब्दाला अंती जो ‘ऽ’ जोडलेला आहे, तो आजच्या बोलण्यात कोणी लावीत नाही. रानगुलाबावरील गटेच्या प्रसिद्ध गीतात मुलासाठी जो शब्द आहे तो आता व्यवहारातून गेला आहे, आणि तेथे साध्या विधानाचा आरंभच क्रियापदाने होतो. गद्यात ते दुसऱ्या जागी येते. आपल्याकडे अभंगातली ‘केलें, पाहतां, जाणावा’ ही भाषा कचेरीतल्या अर्जात कोणी लिहीत नाही, तसाच हा विवेक. कवीला मुभा असते, उमेदवाराला नसते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. गीतात कवी प्रेयसीला, चंद्राला, देवाला संबोधतो, सगळीकडे एकेरी. जर्मन भाषेत ‘डू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे आपण, आणि अपरिचित प्रौढ माणसाला ‘झी’ म्हणणेच सभ्यतेचे. ज्या मुलीची सारी भाषा गाण्यांतून आली, ती ऐंशी वर्षांच्या रुग्णाला सहज ‘डू’ म्हणून जाईल. आपल्या रुग्णालयात एखाद्या परक्या परिचारिकेने आपल्या वडिलांना ‘ए, तू उठ’ म्हटले तर आपल्याला काय वाटेल? म्हणून सहाव्या दिवशी वाक्ये करताना प्रत्येक ‘डू’चे ‘झी’ करून पुन्हा एकदा म्हणण्याचा नियम ठेवावा. त्याबरोबर क्रियापदही बदलते. तो अभ्यास आयताच होतो.

तिसरी गोष्ट धोक्याची नसून मर्यादेची. गीतांनी व्याकरणाचे पुस्तक, शिक्षक आणि रोजचे संभाषण यांची जागा भरून निघत नाही. दिवसाच्या तीन तासांच्या अभ्यासात अर्धा तास गीताला द्यावा. ‘वर्गाला एवढे पैसे भरले आणि ही गाणी कसली म्हणत बसली!’ असे पालक बोलतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनी सहाव्या दिवसाची वही पाहावी. वहीत दहा वाक्ये असतील तर मुलीला गाऊ द्यावे. नसतील तर पालकांचा राग रास्त आहे.

आता गीतांचा एक उपयोग असा सांगतो, की ज्याचा परीक्षेशी काही संबंध नाही. आपल्या अनेक मुली तिकडे वृद्धांच्या शुश्रूषेचे काम करणार आहेत. जर्मनीतील वृद्धाश्रमांतून जुनी लोकगीते सर्वांनी मिळून गाण्याची रीत आहे. ज्यांची स्मृती वार्धक्याने मंदावली, ज्यांना लेकीचे नाव आठवत नाही, अशा माणसांनाही बालपणीची गाणी बहुधा आठवतात. आपल्याकडेही हे पाहावयास मिळते: अंथरुणाला खिळलेली आजी माणसे ओळखीत नाही, पण आरती सुरू झाली की तिचे ओठ हलू लागतात. अशा एखाद्या वृद्धेच्या उशाशी आपली मुलगी तिच्या बालपणीचे गीत गुणगुणेल, तेव्हा ती परदेशातून आलेली नोकर राहणार नाही. हे कौशल्य कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. पण परक्या देशात एकट्या राहणाऱ्या मुलीला ते किती धीर देईल, याचा विचार मातांनी करावा.

शेवटी मंडळाला दोन विनंत्या करतो. आपले ज्ञातिगृह रविवारी सकाळी बहुधा रिकामे असते. तेथे दर रविवारी एक तास जर्मन शिकणाऱ्या मुलामुलींनी जमावे, आठवड्याचे गीत एकत्र गावे आणि सहाव्या दिवशी केलेली वाक्ये एकमेकांना ऐकवावीत. एकट्याने गाण्यास संकोच वाटतो. दहा जणांत तो राहत नाही. जुन्या गीतांच्या शब्दांवर आता कोणाचा स्वामित्वहक्क राहिलेला नाही. तेव्हा त्यांच्या प्रती काढण्यास विद्यार्थी साहाय्य निधीतून थोडीशी रक्कम मिळाली तरी पुरे. दुसरी विनंती अशी, की आपल्या ज्ञातीतील जी कुटुंबे जर्मनीत स्थायिक आहेत, ती रजेवर येतात तेव्हा त्यांनी यांपैकी एका रविवारी यावे आणि मुलांशी केवळ त्या भाषेत बोलावे. देणगीपेक्षा हा एक तास आम्हांस अधिक मोलाचा वाटेल.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच: ज्याचा गळा गोड नाही त्यानेही गावे. परीक्षक तुमचा सूर तपासणार नाही. तुम्ही पहिल्या आठवड्यात एक गीत शिका, आणि त्यातून दहा वाक्ये काढा. वर्षाअखेरीस तुमच्या वहीत पाचशे वाक्ये होतील, आणि ती सारी तुमच्या जिभेवर बसलेली असतील. त्या शिदोरीवर बी-२ची वाट चालण्यास निघा.